अलिसो कॅन्यन: ८९२ फुटांवरचा तो सात इंची पाईप

२३ ऑक्टोबर २०१५ ला दुपारी लॉस एंजेलिसच्या उत्तरेकडच्या सांता सुसाना डोंगरात, अलिसो कॅन्यन या जमिनीखालच्या गॅस साठ्याच्या एका विहिरीजवळ, जमिनीतून गॅस येतोय असं कामगारांच्या लक्षात आलं. विहिरीचं नाव स्टँडर्ड सेसनॉन-२५, कागदोपत्री एसएस-२५. असली गळती त्या फील्डवर नवीन नव्हती, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ठरलेला उपाय सुरू झाला, विहिरीत वरून जड द्रव सोडायचा आणि गॅस खाली दाबून टाकायचा. यापूर्वी असंच करून विहिरी शांत झाल्या होत्या. ही झाली नाही. ती बंद व्हायला पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी उजाडला, आणि तोपर्यंत सुमारे एक लाख टन मिथेन हवेत गेला होता.

अलिसो कॅन्यनचं हे प्रकरण बहुतेक ठिकाणी पर्यावरणाची मोठी दुर्घटना म्हणून सांगितलं जातं, ती होतीच, पण मला त्यात एका प्रादेशिक गॅस कंपनीचा रोजचा कारभार जास्त दिसतो. म्हणजे पैसा कुठे घालायचा, वाढ कशाला म्हणायचं, तपासणी नेमकी कशाची करायची, आणि विहीर दुरुस्त झाली की तिच्याबद्दल पुढे काही विचारायचं की फाईल बंद करायची. साठवणीच्या धंद्यात असलेल्या किंवा येऊ बघणाऱ्या कोणीही हे प्रकरण पूर्ण वाचावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी कंपनी. सदर्न कॅलिफोर्निया गॅस, सगळे तिला सोकॅलगॅस म्हणतात, सेम्प्रा या मोठ्या कंपनीची उपकंपनी, दोन कोटींहून जास्त लोकांना गॅस पोचवते, ग्राहकांच्या संख्येने अमेरिकेतली सगळ्यात मोठी गॅस वितरण कंपनी. तिच्याकडे जमिनीखाली गॅस साठवायच्या चार जागा होत्या: अलिसो कॅन्यन, ऑनर रँचो, ला गोलेटा आणि प्लाया डेल रे. चारही ठिकाणं मिळून साधारण १३६ अब्ज घनफूट गॅस मावायचा आणि त्यातले ८६ अब्ज एकट्या अलिसो कॅन्यनमध्ये. म्हणजे जवळपास दोन तृतीयांश साठा एका डोंगराखाली.

हा डोंगर म्हणजे जुनं तेलक्षेत्र. १९३८ मध्ये इथे तेल सापडलं, पुढची तीसेक वर्षं उपसा झाला, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच रिकाम्या झालेल्या खडकात गॅस भरून ठेवायला सुरुवात झाली. कल्पना एकदम चांगली आहे, ज्या खडकाने लाखो वर्षं तेल-वायू धरून ठेवला तो आपला गॅसही धरून ठेवेल, आणि खडकाने शब्द पाळला, या प्रकरणात खडकाचा काहीच दोष नाही. प्रश्न आला तो खडकापर्यंत जाणाऱ्या विहिरींचा. साठवण सुरू करताना सगळ्या विहिरी काही नव्याने खोदल्या नव्हत्या, तेलाच्या जुन्या विहिरी पण कामाला लावल्या. एसएस-२५ १९५३ मध्ये खोदायला घेतलेली, तेलासाठी. १९७३ मध्ये ती गॅसच्या कामाला लावली. २०१५ मध्ये तिला साठ वर्षं उलटून गेली होती.

आता साठवण लागते कशाला हे नीट समजलं पाहिजे, नाहीतर पुढचं कोडं सुटत नाही. कॅलिफोर्नियात जळणारा बहुतेक गॅस बाहेरच्या राज्यांतून लांबच्या पाईपलाईनने येतो आणि पाईपलाईनमधला गॅस ताशी वीस-तीस मैलांच्या वेगाने सरकतो, गाडीपेक्षा हळू. सकाळी थंडी पडली आणि लाखो घरांतले हीटर एकदम चालू झाले, किंवा उन्हाळ्यात संध्याकाळी एसी चालू आणि त्याच वेळी सौर वीज उतरतेय म्हणून गॅसवरची वीजकेंद्रं धडाधड सुरू करायला लागली, तर सीमेवरून मागवलेला गॅस पोचेपर्यंत कित्येक तास जातात. अलिसो कॅन्यन शहराला लागून, त्यामुळे तासाभरात दाब सावरता यायचा. लॉस एंजेलिस परिसरातली १७ वीजकेंद्रं या एका साठ्याच्या भरवशावर होती. शिवाय गॅस स्वस्त असताना भरून ठेवायचा आणि महाग असताना काढायचा, त्यात ग्राहकाचंही बिल कमी होतं, आणि साठवणीची उरलेली जागा बाजारातल्या इतर मोठ्या ग्राहकांना भाड्याने देता येते. थोडक्यात, हे फील्ड कंपनीच्या हातातला हुकुमाचा एक्का होतं.

आणि कमाई कशी होते? अशा युटिलिटीला, म्हणजे जिचे दर सरकारी नियामक ठरवतो अशा सेवा कंपनीला, गॅस विकून नफा काढता येत नाही, गॅस ज्या भावाने घेतला त्याच भावाने ग्राहकाला लागतो. कंपनी जे भांडवल पाईप, कॉम्प्रेसर, विहिरी, मीटर यांत घालते त्यावर नियामक ठरवून देईल तेवढा परतावा तिला मिळतो. दर काही वर्षांनी राज्याच्या पब्लिक युटिलिटीज कमिशनसमोर सुनावणी होते, ज्याला सगळे रेट केस म्हणतात, आणि तिथे ठरतं की कोणत्या कामाला किती खर्च मान्य. म्हणजे वाढायचं असेल तर नवीन भांडवली काम काढा, ते मंजूर करून घ्या. यात गैर काहीच नाही, सगळ्या जगात युटिलिटी अशाच चालतात. पण या पद्धतीत एक कल असतो. डोळ्यांना दिसणारं, क्षमता वाढवणारं काम सहज मांडता येतं, आणि 'सध्या सगळं ठीक चाललंय पण आम्हाला आतून बघायचंय' हे सांगून पैसे मागणं अवघड जातं.

अलिसोवर नेमकं हेच दिसतं. २०१३ मध्ये कमिशनने तिथल्या जुन्या टर्बाईनवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरच्या जागी विजेवर चालणारे नवे कॉम्प्रेसर बसवायला मान्यता दिली, खर्च सुमारे २० कोटी डॉलर, आणि त्यामुळे जमिनीत गॅस भरायचा वेग चांगलाच वाढणार होता. उत्तम प्रकल्प, धूर कमी, क्षमता जास्त. पण गॅस भरायचा वेग वाढवणारी यंत्रं वर बसत होती आणि तो गॅस ज्या पाईपांमधून खाली जाणार होता ते पाईप आतून कसे आहेत याची पूर्ण तपासणी कोणी केलेली नव्हती. मला हा विरोधाभास या प्रकरणातला सगळ्यात बोलका वाटतो.

कोणाला कळलंच नव्हतं असं मात्र नाहीये. नोव्हेंबर २०१४ मध्ये, म्हणजे गळतीच्या अकरा महिने आधी, कंपनीने स्वतःच रेट केसमध्ये लेखी साक्ष दिली होती. त्यात सरळ लिहिलंय की आपल्या २२९ साठवण विहिरींपैकी निम्म्या ५७ वर्षांपेक्षा जुन्या आहेत आणि ५२ विहिरी सत्तरीच्या पुढे गेल्यात, २००८ पासून विहिरींच्या तब्येतीचा कल वाईट दिशेला आहे, अल्ट्रासोनिक तपासणीत १५ विहिरींच्या केसिंगला, म्हणजे विहिरीच्या बाहेरच्या पोलादी पाईपला, आतून किंवा बाहेरून गंज सापडलाय, आणि आत्तापर्यंतचं काम बहुतेक करून बिघाड झाल्यावर दुरुस्ती या धर्तीवर चाललंय. म्हणून विहिरींच्या तपासणीचा एक वेगळा, आधीच धोका शोधणारा कार्यक्रम मंजूर करा अशी मागणी. वाचताना अंगावर काटा येतो, कारण पुढे काय झालं ते आपल्याला माहीत असतं. निकाल लागला जून २०१६ मध्ये. तोवर एसएस-२५ फुटून, चार महिने वाहून, बंद पण झाली होती.

यावर कोणी म्हणेल मग चूक नियामकाची, उशीर केला. मला ते पटत नाही. मंजुरीची वाट बघत असताना साठ वर्षं जुन्या विहिरींची यादी काढून त्यातल्या सगळ्यात काळजीच्या चार-सहा विहिरी बंद ठेवायला कोणाची परवानगी लागत नव्हती. आणि हा प्रश्न २०१४ चा नव्हताच. १९८८ मध्ये कंपनीच्याच आतल्या एका टिपणात २० विहिरींची केसिंग तपासा असं सुचवलं होतं आणि त्या यादीत एसएस-२५ होती. त्यातल्या ७ तपासल्या. एसएस-२५ राहिली. ती जी राहिली ती २७ वर्षं राहिली.

इथे जरा थांबून विहिरीची रचना सांगतो, कारण सगळं प्रकरण तिच्यात आहे. साधारण साडेआठ हजार फूट खोल भोक, त्यात सात इंच व्यासाचा पोलादी पाईप म्हणजे केसिंग, आणि त्याच्या आत आणखी बारीक, तीन इंचाच्या आतबाहेरचा पाईप म्हणजे ट्यूबिंग. वरच्या साधारण हजार फुटांत सात इंची केसिंगच्या बाहेरून आणखी एक मोठी केसिंग, भूजल वाचवायला. शहाणपणाची पद्धत अशी की गॅस फक्त आतल्या ट्यूबिंगमधून न्यायचा, म्हणजे ट्यूबिंग फुटलीच तर केसिंग आहे, दोन भिंती मिळतात. पण अलिसोवरच्या एसएस-२५ सारख्या विहिरींमध्ये गॅस ट्यूबिंगमधूनही आणि तिच्या बाजूच्या मोकळ्या जागेतूनही जायचा. त्यामुळे एका विहिरीतून कितीतरी जास्त गॅस काढता येतो, थंडीच्या दिवशी त्याची किंमत फार मोठी. पण मग बाहेरच्या मातीत आणि आतल्या २७०० पीएसआयच्या (दर चौरस इंचावर तितके पौंड) आसपासच्या दाबात फक्त एक भिंत उरते. विहिरीत खोलवर सेफ्टी व्हॉल्व पण होता एकेकाळी, १९७९ मध्ये काढला, परत बसवला नाही, आणि नियमाने तो सक्तीचाही नव्हता.

या एका भिंतीची तपासणी कशी व्हायची? दरवर्षी विहिरीत तापमान मोजायचं यंत्र सोडायचे, आवाज ऐकायचं यंत्र सोडायचे. गॅस कुठून निसटत असेल तर तिथे थंडावा येतो, सूं असा आवाज येतो, तो पकडायचा. आता याचा अर्थ नीट बघा. ही तपासणी गळती सुरू झाल्यावर गळती शोधते. भिंत नव्वद टक्के झिजलेली असेल पण अजून भोक पडलं नसेल तर ती विहीर या तपासणीत अगदी ठणठणीत म्हणून पास होते. भिंतीची जाडी मोजायची तर ट्यूबिंग बाहेर काढावी लागते, त्यासाठी रिग, म्हणजे पाईप वर ओढणारं अवजड यंत्र, आणावी लागते, विहीर काही आठवडे बंद, खर्च मोठा, आणि निकाल चांगला आला तर साहेब विचारणार की मग एवढा खर्च कशाला केला. म्हणून ती तपासणी तेव्हाच व्हायची जेव्हा दुसऱ्या कुठल्या कामासाठी ट्यूबिंग काढावीच लागायची. एसएस-२५ ने काही त्रास दिला नाही म्हणून तिची भिंत कोणी मोजली नाही.

पुढे तपास झाला तेव्हा काय निघालं ते मी आत्ताच सांगून टाकतो. ब्लेड एनर्जी पार्टनर्स या स्वतंत्र कंपनीने मूळ कारणाचा शोध घेतला, फुटलेला पाईप अक्षरशः कापून वर काढला, आणि मे २०१९ मध्ये अहवाल दिला. सात इंची केसिंग ८९२ फुटांवर फुटली होती. तेवढ्या खोलीवर सात इंची आणि बाहेरची केसिंग यांच्यामधल्या फटीत भूजल शिरत होतं, आणि त्या पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे पाईप बाहेरून कुरतडला गेला, लांबीच्या दिशेने चरे पडत गेले. जिथे फुटला तिथे भिंतीची ८५ टक्के जाडी गेलेली. उरलेल्या पापुद्र्याने इतका दाब कसा धरून ठेवला होता याचंच आश्चर्य वाटतं. आधी पाईप उभा चिरला, चिरेतून गॅस बाहेर पडताना दाब एकदम उतरला आणि त्यामुळे ती जागा भयंकर गार पडली, गार पोलाद ठिसूळ होतं, आणि काही तासांत तोच पाईप आडवा तुटून दोन तुकडे झाले. बाहेरच्या मोठ्या केसिंगलाही गंजून भोकं पडली होती, गॅस तिथून मातीत आणि मातीतून वर.

अहवालातली माझ्या दृष्टीने सगळ्यात गंभीर ओळ गंजाची नाहीच. अलिसो कॅन्यनवर १९७० च्या दशकापासून साठहून जास्त केसिंग गळत्या झाल्या होत्या आणि त्यातल्या एकीचाही मुळापर्यंत जाऊन शोध घेतलेला नव्हता. गळती झाली, विहीर शांत केली, पाईपला ठिगळ किंवा आतून नवा पाईप, विहीर परत चालू. प्रत्येक दुरुस्ती आपापल्या परीने बरोबर असेलही, पण साठ वेळा मलमपट्टी झाली आणि एकदाही कोणी रोग कोणता ते विचारलं नाही. पहिल्या दहा गळत्यांमध्ये जर कापलेला पाईप प्रयोगशाळेत पाठवला असता तर बाहेरून होणारा गंज तेव्हाच समोर आला असता, आणि मग कुठल्या खोलीवर, कुठल्या बाजूला, कुठल्या वयाच्या विहिरीत बघायचं हेही कळलं असतं. हे काम महागडं नाही. यासाठी रेट केस लागत नाही.

आता परत ऑक्टोबर २०१५ कडे. पहिला प्रयत्न फसल्यावर विहिरी आटोक्यात आणणाऱ्या नामांकित तज्ज्ञ टोळीला बोलावलं. तरी डिसेंबरच्या शेवटापर्यंत वरून एकूण सात प्रयत्न झाले आणि सातही फसले. कारण समजायला सोपं आहे: खालून गॅस प्रचंड वेगाने वर येत असताना हलका द्रव हळूहळू ओतला तर तो खाली पोचतच नाही, फवारा होऊन बाहेर फेकला जातो. पुरेसा जड द्रव, पुरेशा वेगाने, एकदम ढकलावा लागतो. किती जड आणि किती वेगाने हे गणित करून काढता येतं, पण तपासणीत आढळलं की मधल्या बऱ्याच प्रयत्नांच्या आधी ते गणित नीट केलंच नव्हतं, नेहमीच्या अंदाजाने पंप चालवले, आणि नीट गणित करून केलं असतं तर विहीर कितीतरी आधी शांत होऊ शकली असती. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाबरोबर विहिरीच्या तोंडाभोवतीची माती उडत गेली, मोठा खड्डा झाला, आणि शेवटी शेवटी वरची जोडणीच डगमगायला लागली, त्यामुळे वरून आणखी काही करणं धोक्याचं झालं.

४ डिसेंबरला बाजूला दुसरी विहीर खोदायला घेतली, रिलीफ वेल. ही तिरपी जात जात हजारो फूट खाली मूळ विहिरीला गाठते आणि तळातून जड चिखल भरते. आठ हजार फुटांच्या खाली, काळोख्या खडकात, सात इंचाचा पाईप शोधायचा, तोही त्याच्या पोलादाच्या चुंबकीय खुणेवरून, थोडं खोदायचं, थांबायचं, मोजायचं, परत थोडं. ज्यांनी हे केलं त्यांच्या कौशल्याला मी मनापासून दाद देतो. ११ फेब्रुवारी २०१६ ला पाईप सापडला, गॅस थांबला, आणि १८ फेब्रुवारीला सिमेंट भरून विहीर कायमची बंद झाल्याचं राज्याने जाहीर केलं.

मधल्या काळात डोंगराच्या पायथ्याशी, साधारण मैलभर अंतरावर, पोर्टर रँचची वस्ती. मिथेनला वास नसतो, पण गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मर्कॅप्टन मिसळलेलं असतं, सडक्या अंड्यासारखा वास. डोंगरावरून वारा खाली उतरला की तो वास घराघरात. डोकेदुखी, मळमळ, नाकातून रक्त येणं अशा तक्रारी सुरू झाल्या. आठ हजारांहून जास्त कुटुंबांनी तात्पुरती घरं सोडली, हॉटेलांत, भाड्याच्या घरांत राहिली, दोन शाळा दुसरीकडे हलवल्या, ६ जानेवारी २०१६ ला राज्यपाल जेरी ब्राउन यांनी आणीबाणी जाहीर केली. आणि इथे कंपनीने एक चूक अशी केली जिचा विहिरीशी काही संबंध नव्हता. गळती २३ तारखेला कळली आणि राज्याच्या आपत्कालीन यंत्रणेला कळवलं तीन दिवसांनी. त्याबद्दल फौजदारी खटला झाला आणि २०१६ च्या सप्टेंबरमध्ये ४० लाख डॉलरवर मिटला. रक्कम या सगळ्या हिशोबात किरकोळ, पण शेजाऱ्यांचा विश्वास गेला तो त्या तीन दिवसांत, असं मला वाटतं. लोकांना नळी फुटल्याचा राग येतोच, पण आपल्याला सांगितलं नाही याचा राग वर्षानुवर्षं टिकतो.

गळती किती मोठी हे सुद्धा बाहेरच्या माणसाने मोजलं. स्टीफन कॉन्ली नावाचे शास्त्रज्ञ छोटं विमान घेऊन त्या ढगातून उडाले, ७ नोव्हेंबरला पहिल्यांदा, आणि तासाला ४० टनांहून जास्त मिथेन जातोय असं दिसलं, महिन्याच्या शेवटी जवळपास ६० टन. त्यांच्या हिशोबाने एकूण ९७,१०० टन. अमेरिकेच्या इतिहासात एका ठिकाणाहून झालेल्या मिथेन गळतीत ही सगळ्यात मोठ्यांपैकी एक. एखादी साठवण चालवणाऱ्या कंपनीकडे स्वतःच्या विहिरीतून किती गॅस जातोय हे मोजायचं साधन हवं, आकडा बाहेरून येईपर्यंत थांबायची वेळ येऊ नये.

पैशांचा हिशोब थोडक्यात सांगतो, त्यात फार रमण्यासारखं काही नाही. २०१८ मध्ये शहर, काउंटी आणि राज्याशी ११.९५ कोटी डॉलरची तडजोड, त्यात अडीच कोटी लोकांच्या आरोग्याच्या अभ्यासाला, आणि सुमारे २.६५ कोटी डेअऱ्यांच्या शेणातून निघणारा मिथेन पकडायच्या प्रकल्पांना, म्हणजे हवेत गेलेल्याची भरपाई दुसरीकडे. २०२१ मध्ये ३५ हजारांहून जास्त रहिवाशांच्या दाव्यांसाठी १.८ अब्ज डॉलरपर्यंतचा करार. २०२३ मध्ये कमिशनबरोबर ७.१ कोटी. आता याच्या शेजारी १९८८ मध्ये राहिलेल्या १३ विहिरींच्या तपासणीचा खर्च ठेवून बघा. तो किती आला असता हे मी इथे आकड्यात सांगत नाही, पण तो अब्जात नसता एवढं नक्की.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते नंतरचं, कारण तिथे कंपनीच्या हातून तिचा हुकुमाचा एक्का निसटला. जानेवारी २०१६ मध्ये आदेश आला, साठा १५ अब्ज घनफुटांपर्यंत खाली आणा आणि तेवढा अडचणीसाठी राखून ठेवा. नवीन गॅस भरायला बंदी. राज्याच्या यंत्रणांनी एप्रिलमध्ये हिशोब मांडला की अलिसोशिवाय त्या उन्हाळ्यात १४ दिवसांपर्यंत वीजकपात होऊ शकते. सगळे हादरले. पण तशी वेळ आली नाही. मोठ्या ग्राहकांनी जेवढा गॅस वापरणार तेवढाच त्या दिवशी पाईपलाईनमध्ये आणायचा हा नियम कडक केला, मागणी कमी करायचे कार्यक्रम लावले, आणि वीज कंपन्यांना घाईने बॅटऱ्या उभ्या करायला सांगितलं. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मीरा लोमाला २० मेगावॉटची बॅटरी आणि एस्कोंडिडोला ३० मेगावॉटची, दोन्ही २०१७ च्या सुरुवातीला चालू, ठरवल्यापासून काही महिन्यांत. इतक्या मोठ्या बॅटऱ्या इतक्या लवकर लागू शकतात हे तोपर्यंत कोणी करून दाखवलं नव्हतं. म्हणजे एका विहिरीच्या गंजाने साठवणीच्या प्रतिस्पर्ध्याला स्वतःला सिद्ध करायची संधी दिली.

दुसरी बाजू पण सांगायला हवी. ऑक्टोबर २०१७ मध्ये वाळवंटातली एक मोठी पाईपलाईन फुटली, दुसरी एक दुरुस्तीसाठी बंद, आणि बाहेरून येणारा गॅस आटला. अलिसोचं कुलूप तेवढ्यात उघडलं होतं, जुलै २०१७ मध्ये, पण साठ्याची मर्यादा २३.६ अब्ज. पुढच्या हिवाळ्यांमध्ये गॅसचे भाव भडकले, आणि ते शेवटी सामान्य ग्राहकाच्या बिलात उतरले. त्यामुळे 'बंद करा' म्हणणाऱ्यांची तळमळ मला समजते तशीच 'लगेच बंद केलं तर थंडीत काय' ही भीतीही खोटी वाटत नाही. मर्यादा मग ३४ वर गेली, २०२१ मध्ये ४१.१६ वर, २०२३ मध्ये ६८.६ वर. प्रत्येक वेळी सुनावणी, प्रत्येक वेळी पोर्टर रँचचे लोक विरोधात उभे. आधी कंपनी स्वतः ठरवायची किती गॅस भरायचा, आता तो आकडा कमिशन ठरवतं.

विहिरींचं काम मात्र खरोखर बदललं, हे श्रेय द्यायला हवं. प्रत्येक विहिरीची भिंत मोजायची, दाब देऊन बघायचं, पास झाली तर चालू, नाहीतर वेगळी काढायची किंवा सिमेंट भरून कायमची बंद. गॅस आता फक्त ट्यूबिंगमधून, म्हणजे दोन भिंती. दाब सतत मोजला जातो, कुंपणावर मिथेन मोजणारी यंत्रं बसली. एका विहिरीतून मिळणारा गॅस यामुळे कमी झाला, आणि ज्यांना आधी दुसरी भिंत परवडत नव्हती त्यांनाच ती आता घ्यावी लागली. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ते हेच, पण झोपा निदान पक्का केला. देशपातळीवरही २०१६ मध्ये कायदा झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जमिनीखालच्या साठवण विहिरींसाठी पहिले केंद्रीय सुरक्षा नियम आले. त्याआधी अमेरिकेत चारशेच्या आसपास साठवण जागा होत्या, बहुतेक जुन्या तेल-गॅस क्षेत्रांतल्या, पण विहिरीच्या पोटातल्या भागासाठी केंद्राचा एकही नियम नव्हता. जमिनीवरच्या पाईपलाईनला नियम आणि तोच गॅस जमिनीखाली गेला की ज्या त्या राज्याची मर्जी.

एखाद्या छोट्या गॅस कंपनीचा व्यवस्थापक हे वाचत असेल तर मी त्याला तीन-चार कागद काढून बघायला सांगेन, अगदी याच आठवड्यात. आपल्या प्रत्येक विहिरीची भिंत शेवटची कधी मोजली त्याची तारीख. जिच्यापुढे तारीखच नाही अशा किती. गेल्या वीस वर्षांतल्या गळत्यांपैकी किती वेळा पाईपचा तुकडा तपासायला गेला. गॅस एका भिंतीतून जातोय की दोन. आणि उद्या सकाळी विहीर फुटली तर किती जड चिखल, किती वेगाने लागेल याचं गणित विहीरवार तयार आहे का, की ते फुटल्यावर करणार. यातलं शेवटचं तर टेबलावर बसून होतं, रिग लागत नाही, विहीर बंद ठेवावी लागत नाही. नवीन ग्राहक जोडणं, साठवण भाड्याने देणं, क्षमता वाढवणं, हे सगळं करावंच, पण क्षमता वाढवायचा कागद मंजुरीला जाईल त्याच फाईलमध्ये विहिरींच्या तारखांचा कागद लावावा. दोन्हींचे पैसे एकत्र मागितले तर नियामकालाही एक बाजू मंजूर करून दुसरी लांबवणं अवघड जातं.

१९ डिसेंबर २०२४ ला कमिशनने अलिसो कॅन्यनबद्दल निर्णय दिला. लगेच बंद नाही. दोन वर्षं पुढचा अंदाज घ्यायचा, आणि सगळ्यात जास्त मागणीच्या दिवसाचा आकडा ४१२.१ कोटी घनफुटांपर्यंत खाली उतरला की बंद करायची प्रक्रिया सुरू करायची. तो दिवस कधी येतो हे आता घरातले हीटर किती विजेवर जातात, बॅटऱ्या किती लागतात यावर आहे. पोर्टर रँचच्या ज्या लोकांनी २०१५ पासून प्रत्येक सुनावणीला हजेरी लावली त्यांच्या दृष्टीने हा पुन्हा एकदा 'पुढच्या तारखेचा' निर्णय होता, आणि त्या संध्याकाळी सुद्धा डोंगराखाली त्यांच्या घरांच्या मागे कोट्यवधी घनफूट गॅस भरलेला होता.